यवतमाळ जिल्ह्यातील रस्ते विस्तार

यवतमाळ जिल्ह्यातील रस्ते विस्तार म्हणजे महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील यवतमाळ जिल्ह्यात शहरे, तालुक्याची ठिकाणे आणि खेडी यांना जोडणाऱ्या रस्त्यांचे नियोजन, रुंदीकरण, दर्जोन्नती व त्यासाठीची निधी उभारणी होय. केंद्र शासन, राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगर परिषदा व नगरपंचायती आणि ग्रामपंचायती अशा अनेक यंत्रणांत हे काम विभागलेले आहे. एकच रस्ता शहराच्या हद्दीत एका यंत्रणेकडे, हद्दीबाहेर दुसऱ्या यंत्रणेकडे आणि पुढे तिसऱ्या यंत्रणेकडे असू शकतो. त्यामुळे रस्त्याच्या रुंदीकरणाला पैसा कोठून मिळेल, जमीन कोणत्या कायद्याने घेतली जाईल आणि खड्डे कोण बुजवील, हे त्यावरील रहदारीइतकेच त्या रस्त्याच्या अधिकृत दर्जावरही अवलंबून असते.

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. त्यांपैकी नागरी लोकसंख्येचे प्रमाण पाचव्या हिश्श्याहून थोडेसेच अधिक होते. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. उत्तर व पूर्वेकडून वर्धा आणि दक्षिणेकडून पैनगंगा या नद्या जिल्ह्याच्या सीमेचा मोठा भाग आखतात. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा व निर्गुडा या नद्यांमुळे आणि मधल्या डोंगराळ पट्ट्यामुळे रस्त्यांच्या आखणीत पूल व मोऱ्या यांचा खर्च मोठा असतो.

कापूस हे जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे. इंग्रजी अमदानीत येथील दळणवळणाची आखणी मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी झाली. यवतमाळ–दारव्हा–मूर्तिजापूर हा अरुंद रेल्वेमार्ग, जो पुढे ‘शकुंतला रेल्वे’ या नावाने ओळखला गेला, तो याच कारणासाठी बांधण्यात आला. मुंबई–नागपूर हा मुख्य लोहमार्ग मात्र जिल्ह्याबाहेरून, धामणगाव मार्गे गेल्याने जिल्ह्याच्या ठिकाणाला दीर्घकाळ रस्ते वाहतुकीवरच विसंबून राहावे लागले. शेतमाल बाजार समितीत नेणे, रुग्णाला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणणे, विद्यार्थ्यांनी एस. टी. बसने तालुक्याच्या महाविद्यालयात जाणे, या सर्व गोष्टी रस्त्यांशी बांधलेल्या आहेत.

रस्त्यांचे वर्गीकरण व मालकी

महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथील रस्त्यांचे पाच मुख्य प्रकार आहेत.

१. राष्ट्रीय महामार्ग – केंद्र शासनाच्या मालकीचे. त्यांची कामे भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा सार्वजनिक बांधकाम विभागातील राष्ट्रीय महामार्ग शाखा पाहते.
२. राज्य महामार्ग – राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.
३. प्रमुख जिल्हा मार्ग – तालुक्याची ठिकाणे व बाजारपेठा जोडणारे. सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे.
४. इतर जिल्हा मार्ग – जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे.
५. ग्रामीण मार्ग – खेड्यांना वरच्या दर्जाच्या रस्त्यांशी जोडणारे. हेही जिल्हा परिषदेकडे.

या पाच प्रकारांखेरीज गावठाणातील अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे आणि शहरातील रस्ते नगर परिषदेकडे असतात. शेतात जाणारे पाणंद रस्ते, ज्यांना विदर्भात ‘पांधण’ म्हणतात, यांतील बहुसंख्य रस्त्यांना कोणताही क्रमांक नसतो. त्यांची नोंद गावाच्या नकाशावर असते, पण रस्त्यांच्या सूचीत नसते.

जिल्हा परिषदा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, तेव्हा ग्रामीण रस्ते त्यांच्याकडे आले. नगर परिषदांचा कारभार १९६५ च्या नगर परिषद अधिनियमानुसार चालतो. रहदारी वाढलेल्या ग्रामीण किंवा इतर जिल्हा मार्गाला वरचा दर्जा देण्याच्या प्रक्रियेस ‘दर्जोन्नती’ म्हणतात. दर्जोन्नतीनंतर रस्ता राज्याच्या बांधकाम विभागाकडे वर्ग होऊन अधिक निधीस पात्र ठरतो. म्हणूनच गावकऱ्यांच्या निवेदनांत ‘रस्ता दुरुस्त करा’ या मागणीसोबत ‘रस्त्याला दर्जा द्या’ ही मागणीही वारंवार दिसते.

नियोजनाचा इतिहास

भारतात रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याची कल्पना मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे आणली. १९२७ मध्ये नेमलेल्या या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. वाहन वापरणाऱ्याने इंधनावर दिलेला कर रस्त्यासाठी वापरावा, हे तत्त्व आजच्या केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधीतही कायम आहे.

डिसेंबर १९४३ मध्ये नागपूर येथे प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद झाली. तिच्यात तयार झालेली वीस वर्षांची योजना ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्रामीण असे वर्गीकरण याच योजनेने रूढ केले. विकसित शेतीप्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून अधिक दूर असू नये, असे उद्दिष्ट तिने ठेवले होते. यवतमाळ जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्यात पुढे १९६१–८१, १९८१–२००१ आणि २००१–२१ या कालखंडांसाठी रस्ते विकास योजना आखण्यात आल्या. यांतील शेवटच्या योजनेचे राज्यासाठीचे उद्दिष्ट सुमारे ३.३७ लाख किलोमीटर रस्त्यांचे होते. कोणताही नवा रस्ता शासकीय निधीस पात्र ठरण्यासाठी तो साधारणपणे अशा योजनेत समाविष्ट असावा लागतो.

जिल्हा नियोजन समिती

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात २४३ झेडडी हा अनुच्छेद आला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असणे आवश्यक झाले. महाराष्ट्राने यासाठी १९९८ मध्ये अधिनियम केला. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. समितीच्या एकूण सदस्यांपैकी किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्था यांच्या निर्वाचित सदस्यांतून, जिल्ह्यातील ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात निवडले जावेत, अशी घटनेची तरतूद आहे.

शहर व ग्रामीण भाग यांच्या समाईक प्रश्नांचा एकत्र विचार करणे, हे या समितीचे घटनादत्त काम आहे. पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास आणि पर्यावरण रक्षण यांचा त्यात समावेश होतो. शहरातून निघून खेड्याकडे जाणारा रस्ता हे अशा समाईक प्रश्नाचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. प्रत्यक्षात मात्र समितीचा निधी वेगवेगळ्या यंत्रणांना वेगवेगळ्या शीर्षाखाली दिला जातो. परिणामी शहराच्या वेशीपर्यंतचे काम एका वर्षी आणि वेशीपलीकडचे काम दुसऱ्या वर्षी, निराळ्या रुंदीने होण्याचा संभव राहतो.

२०२२ पासून राज्यातील बहुसंख्य स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका लांबल्याने त्यांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. या काळात जिल्हा नियोजन समित्यांतील स्थानिक संस्थांच्या निर्वाचित सदस्यांच्या जागाही रिकाम्या राहिल्या. कोणता रस्ता आधी घ्यावा, या निर्णयात गट व प्रभाग पातळीवरील लोकप्रतिनिधींचा सहभाग त्यामुळे घटला.

रुंदीकरणाची गरज कशी ठरते

रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव वाहनगणनेवर आधारलेला असतो. सर्व वाहनांचे मोजमाप एका परिमाणात आणण्यासाठी प्रत्येक वाहनाला मोटारीच्या तुलनेत भार दिला जातो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या मानकांनुसार मोटारीचा भार १, दुचाकीचा ०.५, बस किंवा मालमोटारीचा ३, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा ४.५ आणि बैलगाडीचा ८ धरला जातो. बैलगाडी आकाराने लहान असली तरी तिच्या संथ गतीमुळे मागची रहदारी अडून राहते, म्हणून तिचा भार सर्वांत जास्त आहे.

उदाहरणादाखल, एखाद्या मार्गावर दिवसाला ४०० दुचाकी, १०० मोटारी, ४० ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ३० बस व मालमोटारी आणि २० बैलगाड्या जातात असे मानले, तर एकूण वाहने ५९० होतात, परंतु भार ७३० एकक होतो. यातील ट्रॅक्टर व बैलगाड्या मिळून केवळ ६० वाहने असली तरी त्यांचा भार ३४० एकक, म्हणजे जवळजवळ निम्मा असतो. शेतीप्रधान जिल्ह्यात शेतीची वाहने मोजणीतून सुटली तर रस्त्याची गरज प्रत्यक्षाहून बरीच कमी दिसते.

याच कारणाने वाहनगणना वर्षातून दोनदा, एकदा सुगीच्या व एकदा मंदीच्या काळात, सलग सात दिवस करावी असा संकेत आहे. यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी व विक्री मुख्यतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे काही महिने चालते. त्या काळातील आणि उन्हाळ्यातील रहदारीत मोठी तफावत असते.

मानकांनुसार एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर, मध्यम रस्त्याची ५.५ मीटर आणि दुपदरी रस्त्याची ७ मीटर असते. सपाट प्रदेशात या रस्त्यांची दैनंदिन क्षमता अनुक्रमे सुमारे २,०००, ६,००० आणि १५,००० एकक धरली जाते. एकपदरी रस्त्याची रुंदी दुप्पटीहून कमी वाढवली तरी क्षमता सात पटींहून अधिक वाढते, कारण समोरासमोरच्या वाहनांना बाजूपट्टीवर उतरावे लागत नाही.

कामाचे टप्पे

शासकीय रस्ते कामाचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

- स्थळ पाहणी, मोजणी व आखणी
- जिल्हा दरसूचीनुसार अंदाजपत्रक
- प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम या खर्चात करण्यास सक्षम प्राधिकाऱ्याची संमती
- तांत्रिक मान्यता, म्हणजे संकल्पन व परिमाणे योग्य असल्याची अभियंत्याची संमती
- आवश्यक तेथे भूसंपादन, वन विभागाची परवानगी, झाडे तोडण्याची परवानगी आणि विजेचे खांब व जलवाहिन्या यांचे स्थलांतर
- ई-निविदा आणि कार्यारंभ आदेश
- प्रत्यक्ष काम, गुणवत्ता तपासणी व देयके
- दोष दायित्व कालावधी, ज्यात आढळलेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचे असतात

अंदाजपत्रक मंजूर होणे आणि निधी हाती येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. अर्थसंकल्पात नाव आलेल्या कामाला पहिल्या वर्षी अनेकदा अंशतःच तरतूद मिळते व उर्वरित खर्च पुढील वर्षांवर जातो. मागील वर्षांच्या अपूर्ण कामांना ‘दायित्व’ म्हणतात. दायित्व जितके मोठे, तितका नव्या कामांसाठी उरणारा निधी कमी असतो.

भूसंपादन व मोबदला

रुंदीकरणासाठी लागणारी जमीन शहरात आणि ग्रामीण भागात वेगवेगळ्या कायद्यांनी घेतली जाते.

राष्ट्रीय महामार्गासाठी राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ लागू होतो. कलम ३ए नुसार संपादनाचा हेतू प्रसिद्ध केला जातो, हरकतींच्या सुनावणीनंतर कलम ३डी नुसार जमीन शासनाकडे निहित होते आणि कलम ३जी नुसार मोबदला ठरतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी २०१५ पासून महामार्गांनाही लागू आहेत. ग्रामीण भागात बाजारमूल्याला एका गुणकाने गुणले जाते आणि येणाऱ्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम दिली जाते. बाजारमूल्य हेक्टरी १० लाख रुपये आणि गुणक २ असेल, तर मोबदला ४० लाख रुपये होतो. गुणक १ असेल, तर तो २० लाख रुपयांवर येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये महामार्गांसाठीचा गुणक २ वरून १ केल्यावर शेतकरी संघटनांनी त्यास विरोध केला.

मोबदला मूल्यांकनावर ठरत असल्याने सातबारा उताऱ्यावरील नोंदींना मोठे महत्त्व येते. विहीर, फळझाडे किंवा ओलिताची नोंद नसेल तर जमीन कोरडवाहू धरली जाण्याचा धोका असतो. सामाईक खातेदारांत वाटणी झालेली नसेल तर मोबदल्याचे वाटप रखडते.

नगर परिषदेच्या हद्दीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ लागू होतो. विकास योजनेत रस्त्याची रुंदी आधीच दाखवलेली असते. कलम १२६ नुसार अशी जमीन रोख मोबदला, चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन घेता येते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ नुसार सूचना देऊ शकतो आणि विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. नगर परिषदेजवळ रोख रक्कम नसल्याने विकास योजनेतील रस्ते कागदावरच राहण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी व झरी-जामणी या तालुक्यांतील गावे पूर्णतः किंवा अंशतः पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये आणि इतर वनक्षेत्रांतून जाणाऱ्या रस्त्यांना १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची पूर्वमान्यता लागते.

निधीचे स्रोत

जिल्ह्यातील रस्त्यांना मिळणारा निधी पुढील मार्गांनी येतो.

राज्य अर्थसंकल्प. लेखाशीर्ष ३०५४ खाली देखभाल-दुरुस्तीचा महसुली खर्च आणि ५०५४ खाली बांधकामाचा भांडवली खर्च दाखवला जातो. जिल्हा नियोजन समितीकडूनही या शीर्षांखाली निधी वितरित होतो. आमदारांनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे ग्रामविकास विभागाच्या २५१५ या शीर्षाखाली होतात.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. ही योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० व त्याहून अधिक आणि पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात २५० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडणे हे तिचे मूळ उद्दिष्ट होते. प्रारंभी संपूर्ण खर्च केंद्राचा होता. २०१५–१६ पासून बहुसंख्य राज्यांत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० झाला. बांधकामानंतर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर असते.

मुख्यमंत्री ग्रामसडक योजना. केंद्राच्या निकषांत न बसणाऱ्या रस्त्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये ही योजना सुरू केली. अस्तित्वातील रस्त्यांच्या दर्जोन्नतीवर तिचा भर आहे.

केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी. पेट्रोल व डिझेलवरील उपकरातून उभा राहणारा हा निधी २००० च्या कायद्याने वैधानिक झाला. २०१८ मध्ये त्याचे नाव व व्याप्ती बदलली. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग यांची कामे यातून घेता येतात.

कर्ज. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक १९९५–९६ पासून ग्रामीण पायाभूत सुविधा निधीतून राज्यांना रस्ते व पुलांसाठी कर्ज देते.

आदिवासी उपयोजना. अनुसूचित क्षेत्रातील रस्त्यांसाठी या शीर्षाखाली स्वतंत्र तरतूद असते. जिल्ह्यात पांढरकवडा व पुसद येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान. वणी परिसरातील कोळसा खाणींच्या स्वामित्वधनाशी निगडित अंशदान या प्रतिष्ठानात जमा होते. त्यातील मोठा हिस्सा आरोग्य, शिक्षण व पिण्याचे पाणी यांसाठी राखीव असून उर्वरित भागातून रस्त्यांसारख्या भौतिक सुविधा करता येतात.

नगर परिषदांचा निधी. मालमत्ता कर हे नगर परिषदेचे मुख्य स्वतःचे उत्पन्न होय. रस्त्यांची मोठी कामे मात्र नगरोत्थान महाअभियान, वित्त आयोगाचे अनुदान आणि राज्याची विशेष अनुदाने यांवर अवलंबून असतात. त्यांतील काही योजनांत नगर परिषदेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो.

खासगी सहभाग. यात ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ आणि संमिश्र वार्षिकी या दोन पद्धती येतात. पहिल्या पद्धतीत ठेकेदार पथकरातून खर्च वसूल करतो. केंद्राने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या संमिश्र वार्षिकी पद्धतीत प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात आणि उर्वरित रक्कम नंतर हप्त्यांनी शासन देते. अशा हप्त्यांमुळे रस्ता लवकर तयार होतो, परंतु पुढील अनेक वर्षांच्या अर्थसंकल्पाचा एक भाग आधीच बांधला जातो.

प्रमुख मार्ग

राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे पूर्वीचा महामार्ग ७, हा श्रीनगर–कन्याकुमारी मार्ग जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा व पाटणबोरी येथून तेलंगणातील आदिलाबादकडे जातो.

राष्ट्रीय महामार्ग ३६१ तुळजापूरहून लातूर, नांदेडमार्गे जिल्ह्यात येतो आणि उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ व कळंब येथून वर्धा व बुटीबोरीकडे जातो. त्याच्या महागाव–यवतमाळ आणि यवतमाळ–वर्धा या टप्प्यांचे चौपदरीकरण संमिश्र वार्षिकी पद्धतीने झाले. या कामामुळे जिल्ह्याचे ठिकाण नागपूर व मराठवाडा यांच्याशी चौपदरी रस्त्याने जोडले गेले.

राष्ट्रीय महामार्ग ९३० वणी परिसरातून जातो. कोळशाच्या अवजड वाहतुकीमुळे या भागातील रस्त्यांवर मोठा ताण असतो. या महामार्गाच्या वरोरा–वणी टप्प्याच्या चौपदरीकरणाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथील कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्याच कार्यक्रमात वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाच्या वर्धा–कळंब या टप्प्याचेही उद्घाटन झाले.

यवतमाळ शहर व हद्दवाढ

यवतमाळ शहरातून आर्णी, दारव्हा, धामणगाव, पांढरकवडा व कळंब या दिशांना मार्ग फुटतात. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या १,१६,५५१ होती. शहराची वाढ या मार्गांच्या कडेने होत गेली. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, पिंपळगाव, भोसा व मोहा या लगतच्या वस्त्या नोंदीने ग्रामपंचायती असल्या तरी व्यवहाराने शहराचाच भाग बनल्या होत्या. २०१० च्या दशकात झालेल्या हद्दवाढीने हा परिसर नगर परिषदेत आला.

हद्दवाढीचे रस्त्यांवर दुहेरी परिणाम होतात. एकीकडे विकास योजना, बांधकाम नियंत्रण व नागरी अनुदाने यांचा लाभ नव्या भागाला मिळतो. दुसरीकडे नव्याने आलेले रस्ते ग्रामीण योजनांच्या निकषांतून बाहेर पडतात आणि नगर परिषदेच्या मर्यादित उत्पन्नावर अधिक लांबीच्या रस्त्यांचा भार येतो. अकृषिक अभिन्यासांतील अंतर्गत रस्ते विकासकाने पूर्ण करून हस्तांतरित करावयाचे असतात. ते अपुरे राहिल्यास भूखंडधारक व नगर परिषद यांच्यात जबाबदारीचा वाद उभा राहतो.

रस्त्याच्या दर्जाचे महत्त्व २०१७ मध्ये एका वेगळ्याच कारणाने समोर आले. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निकालाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्रीस मनाई केली. त्यानंतर शहरांतून जाणारे राज्य मार्ग महामार्गांच्या यादीतून वगळून स्थानिक संस्थांकडे देण्याच्या हालचाली अनेक राज्यांत झाल्या. महाराष्ट्रात या संदर्भात यवतमाळ, जळगाव व लातूर ही शहरे चर्चेत आली. दारूबंदीसाठी महिलांची चळवळ चालू असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार होती. हस्तांतरणाने दुकानांचा प्रश्न सुटला तरी देखभालीचा खर्च नगर परिषदांवर पडेल, हा आक्षेप तेव्हा ठळकपणे मांडला गेला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने हा आदेश नगर हद्दीतील परवानाधारकांना लागू नसल्याचे स्पष्ट केले.

पाणंद रस्ते

रस्त्यांच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेल्या पाणंद रस्त्यांचा शेतकऱ्यांशी सर्वांत जवळचा संबंध असतो. पावसाळ्यात काळ्या मातीतील पांधण चिखलाने बंद झाली की खत व बियाणे शेतात नेणे कठीण होते, आणि यंत्राने मशागत किंवा कापणी करणे अशक्य होते. २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना सुरू केली. त्यात रोजगार हमी योजनेचा निधी अन्य निधीशी जोडण्यात आला.

अतिक्रमण ही येथील मुख्य अडचण आहे. शेताला रस्ता मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली, तर अस्तित्वातील रस्ता अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो.

काळी माती व देखभाल

जिल्ह्याच्या मोठ्या भागात बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी कपाशीची माती आहे. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या हालचालीमुळे वरचा डांबरी थर तडकतो व भेगांतून पाणी आत शिरते. यावर उपाय म्हणून मातीवर मुरुमाचा पुरेसा थर देणे, चुन्याने मातीचे स्थिरीकरण करणे, भराव उंच ठेवणे आणि दोन्ही बाजूंना वाहती नाली राखणे आवश्यक असते. काही ठिकाणी डांबराऐवजी सिमेंट काँक्रीट वापरले जाते. त्याचा आरंभीचा खर्च अधिक असला तरी गावांतील पाणी साचणाऱ्या भागांत ते टिकते.

रुंदीकरण करताना जुना व नवा भाग यांच्या सांध्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जुन्या रस्त्याखालची माती वर्षानुवर्षांच्या रहदारीने दबलेली असते, तर नव्या भागाखालची माती सैल असते. दबाई अपुरी राहिल्यास सांध्यावर लांबट भेग पडते आणि रुंद केलेला भागच आधी खचतो.

टीका व वाद

महामार्गांच्या चौपदरीकरणाला मोठा निधी मिळत असताना त्यांना मिळणारे ग्रामीण मार्ग अरुंद व नादुरुस्त राहतात, अशी टीका होते. महामार्ग बांधताना गौण खनिजाची अवजड वाहने ग्रामीण मार्गांवरून नेली जातात आणि कमी भारासाठी बांधलेले ते रस्ते खराब होतात, हा त्याच तक्रारीचा दुसरा भाग आहे. उंच भरावामुळे शेतातील पाण्याचा निचरा अडणे, दुभाजकामुळे शेतकऱ्यांना पलीकडील शेतात जाण्यासाठी लांबचा वळसा पडणे आणि कडुनिंब, चिंच व वडाची जुनी झाडे तोडली जाणे, हेही आक्षेप घेतले जातात. वर्ध्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेपर्यंत प्रस्तावित असलेला शक्तिपीठ महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातून जाणार असून भूसंपादनाच्या प्रश्नावरून राज्याच्या काही भागांत त्याला विरोध झाला आहे.

शहरातील रुंदीकरणात रस्त्याकडेच्या छोट्या व्यावसायिकांचा प्रश्न असतो. ज्यांच्याकडे मालकी हक्काची कागदपत्रे असतात त्यांना मोबदला मिळतो. भाडेकरू, टपरीधारक व हातगाडीवाले यांना बहुधा तो मिळत नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीमार्फत अशा विक्रेत्यांचे सर्वेक्षण व पुनर्वसन करणे अपेक्षित आहे.

बाह्यवळण रस्ता झाल्यावर शहरातील जुना महामार्ग कोणी सांभाळायचा, हा प्रश्नही कायम राहतो. अवजड वाहतूक बाहेर गेल्याने अपघाताचा धोका घटतो. मात्र रस्त्याचा दर्जा उतरला की त्याचा नियमित निधीही थांबतो. हस्तांतरणापूर्वी रस्त्याची एकदा संपूर्ण दुरुस्ती करून देण्याची पद्धत यासाठी अवलंबली जाते. त्यानंतरची देखभाल स्थानिक संस्थेच्या उत्पन्नातूनच करावी लागते.

हेही पहा

- यवतमाळ जिल्हा
- जिल्हा नियोजन समिती
- प्रधानमंत्री ग्रामसडक योजना
- नागपूर योजना (रस्ते)
- राष्ट्रीय महामार्ग ३६१
- शकुंतला रेल्वे